घोरपडीचं डोकं

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि वहिनी फळीतलं सातवं भोक मेणानं बुजवत होत्या. मेणबत्तीचा तुकडा दोन बोटांत मऊ करायचा, शेंगदाण्याएवढी गोळी भोकात दाबायची, वर आलेलं मेण जुन्या पट्टीच्या धारेनं खरवडून काढायचं. एका फळीला आठ भोकं, चार पुढे आणि चार मागे. आठही बुजली की प्रायमरचे दोन हात, मग बारीक सँडपेपर. त्यानंतर फळी अशी गुळगुळीत दिसायची, की तिला भोकं होती हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. वहिनींना मात्र ती सापडायची. फळीच्या जाड काठावर, जिथे प्रायमर जात नाही, तिथे त्या पेन्सिलीनं चार बारीक रेघा मारून ठेवत. दोन पुढच्या भोकांची जागा दाखवायला, दोन मागच्या.

फळी स्केटबोर्डची. लाकडाचे सात पातळ थर चिकटवून दाबलेली, पावणेतीन फूट लांब, दोन्ही टोकांना वर उचललेली. वरच्या अंगाला पाय घसरू नये म्हणून खरखरीत काळा कागद, खालच्या अंगाला चाकं, आणि चाकांच्या मधे उरेल तेवढ्या जागेत चित्र. गेली सहा वर्षं वहिनी अशी चित्रं काढत होत्या. एकशे बारा फळ्या झाल्या होत्या. प्रत्येकीच्या शेपटाशी ‘मास्टर’ अशी तिरपी सही होती, आणि ती सहीसुद्धा वहिनींनीच केलेली होती.

मास्टर म्हणजे त्यांचे यजमान. त्यांचा धंदा फलक रंगवण्याचा. शाळा, क्लब, बँका यांच्या दालनांत लाकडी फलक असतात, त्यांवर आजवरचे अध्यक्ष आणि विजेते सोनेरी अक्षरांत ओळीनं लिहिलेले असतात. त्या अक्षरांत मास्टरांचा हात धरणारा या भागात कोणी नव्हता. एकदा लिहिलेलं अक्षर त्यांनी कधी पुसलं नाही, असं लोक म्हणत आणि मास्टर ते ऐकून घेत. सात वर्षांपूर्वी एका क्लबच्या फलकावर खजिनदाराच्या आडनावातला काना सरळ खाली यायच्या ऐवजी पायरी-पायरीनं उतरला. मास्टरांनी ब्रशला दोष दिला. पुढच्या महिन्यात चष्म्याला दिला. त्यानंतर दोष द्यायला काही उरलं नाही, तेव्हा डॉक्टरांकडे गेले आणि कंपावरच्या गोळ्या घेऊन आले.

याच सुमाराला स्केटबोर्डच्या दुकानाचा मालक दुकानाची पाटी हातानं लिहून घ्यायला आला. भिंतीवरचे नमुने बघून म्हणाला, “मास्टर, पाटी राहू द्या. माझ्या फळ्यांवर चित्र काढाल का? छापील सगळीकडे मिळतात, हातचं कोणाकडे नाही.” मास्टर हो म्हणाले. पहिल्या फळीवर एक पान रंगवताना त्यांच्या हातून तीनदा रेघ सुटली. ते उठून बाहेर गेले, आणि परत आले तेव्हा वहिनींनी पान पुरं केलं होतं. मास्टरांनी फळी उजेडात धरून बघितली. “ठीक आहे,” म्हणाले. त्या ‘ठीक आहे’वर सहा वर्षं घर चाललं होतं.

वहिनींचा हात नवखा नव्हता. लग्नाआधी नऊ वर्षं त्या नकाशे छापणाऱ्या कारखान्यात होत्या. भिंगाखाली बसून छपाईच्या पत्र्यावरचे किनारे आणि नद्या दुरुस्त करायच्या. नकाशाखाली कोणाचं नाव नसतं, त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. नदीवर कोण सही करतो?

फळीचं काम वेगळं होतं, आणि ते वेगळं आहे हे वहिनींनी स्वतः जाऊन बघितलं. बस डेपोच्या मागे सिमेंटचे उतार केलेलं मैदान होतं. पहिल्या वर्षी त्या हातात भाजीची पिशवी घेऊन तिथे जाऊन उभ्या राहिल्या. “काकू, तिथे नका थांबू, धडकेन मी,” म्हणत एक जण त्यांच्या अंगावरून गेला आणि लोखंडी कठड्यावर फळी आडवी घासत उतरला. त्या फळीवर वहिनींनी नऊ दिवस खपून एक मासा काढला होता. दहा मिनिटांत माशाचं पोट गेलं. वहिनी रडल्या-बिडल्या नाहीत. त्यांनी त्या पोराला फळी उलटी करायला लावली आणि विचारलं, “रंग सगळ्यात जास्त दिवस कुठे टिकतो?” पोरानं दाखवलं. मग त्यांनी बोटं लावून चाकांची बैठक मोजली. तळहातापेक्षा थोडा लहान असा धातूचा ठोकळा फळीला चार बोल्टनी चिकटून बसतो; त्याच्याखाली जे येईल ते कोणाला दिसत नाही. तेव्हापासून त्या चित्र बेततानाच ठोकळ्याच्या जागी झाड, ढग, पाठीचा नुसता रंग असं काहीतरी टाकत. डोळा, चोच, पंजा तिथे कधी नाही. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्टरांच्या चित्राला चाकं कशी अंगासरशी बसतात.

मास्टर त्या मैदानावर एकदाही गेले नाहीत. “घसरगुंडी बघायला माझं वय राहिलेलं नाही,” एवढंच म्हणाले. फळीला चाकं लागतात हे त्यांना माहीत होतं. कुठे लागतात ते त्यांनी विचारलं नव्हतं.

आज अकराला शूटिंग होतं. दुकानाला दहा वर्षं होत होती, म्हणून मालकानं एक खास फळी मागितली होती, दुकानात सगळ्यांच्या नजरेसमोर लावायला. मास्टर ती रंगवताना त्याची भाची व्हिडिओ काढणार होती. चित्र ठरलं होतं घोरपडीचं. जिथे पकडते तिथून सुटत नाही, हे पोरांना पसंत पडलं. वहिनींनी घोरपड अशी बेतली होती की डोकं फळीच्या वर उचललेल्या टोकावर, ठोकळ्याच्या पलीकडे. ठोकळे येणार मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी.

आदल्या दिवशी दुपारी जेवताना वहिनींनी विषय काढला होता.

“अहो, उद्याच्या फळीवर तुमच्या सहीखाली माझंही नाव टाकू या. बारीक अक्षरात.”

मास्टरांचा घास थांबला नाही. “नाव पाहिजे तुला? विजेचं मीटर तुझ्या नावावर आहे की. दर महिन्याला छापून घरपोच येतं.”

“मी मस्करी करत नाहीये.”

“मी तरी कुठे करतोय? एका फळीवर दोन नावं आली की लोक विचारणार, यातलं कोणाचं काय? काय सांगू? हात कापतो म्हणून सांगू?”

“मग उद्या कॅमेऱ्यासमोर काढणार कोण?”

“मी. साडेनऊला गोळी घेतली की अकरा ते बारा हात माझं ऐकतो. रेषा तू आखून ठेव, रंग मी भरतो.”

वहिनींनी ताटातली भाजी बाजूला सारली. “बरं. मग निदान बोलताना तरी सांगा. हीसुद्धा काढते, एवढंच. जास्त नको.”

“बघू,” मास्टर म्हणाले.

सहा वर्षांत वहिनींनी मागितलेली ही पहिली गोष्ट होती आणि ‘बघू’ हा नकार नव्हता. त्या ‘बघू’च्या भरवशावर त्या पहाटे उठल्या होत्या. दहापर्यंत प्रायमर वाळला. साडेदहापर्यंत कार्बन कागदानं घोरपड उतरवून झाली. वाट्यांत रंग काढून झाले: दोन हिरवे, एक मातकट, एक काळा, आणि डोळ्यासाठी थेंबभर पिवळा.

भाची अकराला आली. तिच्या कोपराला पट्टी बांधलेली होती, म्हणजे ती स्वतःही फळीवर चढणारी होती. तिनं खिडकीचा पडदा काढला, टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं आणि म्हणाली, “सर, तुम्ही इकडे. काकू, तुम्ही फ्रेममध्ये येताय. जरा त्या कपाटाजवळ उभ्या राहाल?”

वहिनी रंगाच्या वाट्या घेऊन कपाटाजवळ उभ्या राहिल्या.

“सर, हे आधीच आखलेलं आहे?” फळीवरच्या रेषा बघून तिनं सहज विचारलं. “म्हणजे चालेल. पण कोऱ्या फळीवरून सुरुवात झाली असती तर काय मजा आली असती.”

मास्टरांनी एकदा वहिनींकडे बघितलं. मग ओलं फडकं उचललं आणि दोन फटक्यांत सगळी घोरपड पुसून टाकली. “गिरवायला मी काय बालवाडीत आहे? सुरू कर तुझा कॅमेरा.”

आयुष्यभर ज्या सवयीनं फलक लिहिले त्याच सवयीनं त्यांनी फळी बघितली. फलकाला चौकट बसते, म्हणून वरती चार बोटं जागा सोडायची आणि मग मजकूर सुरू करायचा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. त्यांनी फळीच्या टोकापासून चार बोटं मोजली, खडूनं खूण केली आणि तिथून खाली डोकं आखलं. वहिनींनी काढलं होतं त्याच्या दीडपट मोठं. “तोंड ठसठशीत पाहिजे,” ते कॅमेऱ्याला म्हणाले. “लांबून माणूस आधी तोंड बघतो.”

काठावरच्या पेन्सिलीच्या दोन रेघा वहिनींना कपाटापासूनही दिसत होत्या. घोरपडीचे दोन्ही डोळे त्या दोन रेघांच्या बरोबर मधे येत होते. वहिनींनी सांगायला तोंड उघडलं.

“सर,” भाचीनं त्याच क्षणी विचारलं, “काकू पण काढतात का?”

मास्टर हसले. ते कॅमेऱ्यासाठी हसले होते, पण छान हसले. “ही? ही रंग घोटते. आता ते काम सोपं नाही हं. रंग नीट घोटला नाही तर कलाकार काय करणार? निम्मं श्रेय तिचंच.”

“वा, काकू!” भाची म्हणाली आणि कॅमेरा एक सेकंदभर वाट्यांवर नेऊन परत आणला.

वहिनींचं तोंड अजून उघडं होतं. त्यांनी ते मिटलं.

पाऊण तास मास्टर रंगवत राहिले. गोळीनं हात सावरला होता, पण थांबला नव्हता. लांब रेषेच्या शेवटी ब्रश किंचित नाचायचा आणि काठाला बारीक दाते पडायचे. डोळ्यात पिवळा भरताना त्यांनी श्वास रोखला होता. डोळा खरोखर चांगला उतरला. वहिनींनी ते मनातल्या मनात मान्य केलं आणि पिवळ्याची वाटी धुवायला टाकली.

संध्याकाळी क्लिअर लॅकरचे हात वाळल्यावर वहिनींनी नेहमीप्रमाणे मागून खिळा घालून मेण ढकललं. आठ भोकं उघडली. पुढची चार घोरपडीच्या डोळ्यांभोवती होती. आताही सांगता आलं असतं, पुसून नवं काढता आलं असतं. तीन दिवस हातात होते. वहिनींनी फळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वर सुतळी बांधली. मास्टरांनी ती उघडून बघितली नाही. बांधून झालेलं काम परत बघायची त्यांना सवय नव्हती.

चौथ्या दिवशी दोघं दुकानात गेले. मास्टरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. फळ्या चालवणारी सात-आठ पोरंपोरी काउंटरभोवती जमली होती, भाची कॅमेरा घेऊन स्टुलावर चढली होती. मालकानं फळी उलटी ठेवली. “वा मास्टर! काय डोळे आहेत, जिवंत!” त्यानं पुढचा ठोकळा उचलला, भोकांवर बसवला आणि बोल्ट आवळायला घेतले.

दुसऱ्या बोल्टला त्याचा हात थांबला. डोकं गेलं होतं. ठोकळ्याच्या खालून मान आणि दोन पाय निघत होते, वर जबड्याची एक कड आणि जिभेचं टोक दिसत होतं. बाकी धातू.

मास्टरांनी आधी फळीकडे बघितलं आणि मग वहिनींकडे. बायकोच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हे त्यांना कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही कॅमेऱ्यासमोर, इस्त्रीच्या सदऱ्यात.

“डोकंच खाल्लं!” मागून एक उंच पोरगा ओरडला. “अरे, डोकं नाही आणि तरी चिकटलीये! एक नंबर!”

“चाक लागलं की घोरपड मरते,” एक पोरगी म्हणाली. “आणि जीभ बघ ना. कसलं डार्क आहे हे!”

पोरं काउंटरवर वाकली. फोन बाहेर निघाले. मालक एवढा वेळ चेहरा सावरून उभा होता, आता त्यानं हळूच विचारलं, “मास्टर, हे मुद्दाम केलंत?”

मास्टरांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. “मग काय चुकून?” ते म्हणाले. पडलो तरी नाक वर.

“आणि रेषा बघा,” भाचीनं कॅमेरा जवळ नेला. “काठ कसे थरथरतायत. सर, तुमच्या आधीच्या फळ्या चांगल्याच होत्या, पण जरा छापल्यासारख्या. ही जिवंत वाटते.”

मालकानं तिथल्या तिथे ठरवलं. दुकानाच्या टीममधल्या बारा जणांना अशीच फळी द्यायची. असंच ठोकळ्याखाली डोकं, आणि तेही पुरं रंगवलेलं, डोळ्यांसकट; चाक काढलं की दिसलं पाहिजे.

“ही एक फळी यांची आहे,” वहिनी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण पोरं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

“आधीच्या एकशे बारा मी काढल्या. सह्यासुद्धा.”

मास्टर दाराबाहेर बघत राहिले. मालकानं बोल्टांचा डबा बंद केला. चकित व्हावं असं काही त्यानं ऐकलंच नव्हतं.

“माहीत आहे, वहिनी.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या-तिसऱ्या फळीपासून असेल. मास्टर चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मला डोळे आहेत.”

“मग बोलला नाहीत कधी?”

“बोलून काय करू? लोक मास्टरांची फळी मागतात. तुम्हाला काम आहे, मला माल आहे, मास्टरांना मान आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. तुम्ही उगाच उघडताय.” मग जराशा काळजीनं त्यानं विचारलं, “या बारासुद्धा तुम्हीच काढणार ना? रेषा तशीच यायला हवी हं. थरथरती. जमेल?”

पोरं पुन्हा फळीकडे वळली होती. भाचीनं कॅमेरा खाली केला होता. व्हिडिओ आदल्या रात्रीच सगळीकडे गेला होता. त्यात वाट्या होत्या.

बसमध्ये दोघं पुढे-मागे बसले. घराचं कुलूप काढताना मास्टर बोलले.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी रंग घोटत होते.”

मास्टरांनी चपला काढून जागेवर ठेवल्या. पाणी प्यायले. “बरं झालं नाही सांगितलंस,” म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. ते खूश होते. सात वर्षांनी लोकांनी त्यांच्या हातच्या कामाला वाहवा दिली होती. न सांगता वहिनींना त्यांना शिक्षा करायची होती. त्या शिक्षेचं बक्षीस झालं होतं, आणि बारा वेळा गिरवायला ते वहिनींच्याच पदरात पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी जुन्या फळीच्या तुकड्यावर थरथरती रेषा काढून बघितली. हात हलवत काढली तर करवतीसारखी दिसली. डाव्या हातानं काढली तर नुसती वाकडी. ब्रश टोकाशी धरून काढली, उभं राहून काढली. नकाशाच्या किनाऱ्यांवर नऊ वर्षं आणि फळ्यांवर सहा वर्षं ज्या हाताला न हलायला शिकवलं, तो हलायला तयार नव्हता. मास्टर चहा घेत होते. वहिनी त्यांच्या कपाकडे बघत बसल्या. कंप कुठे सुरू होतो, किती वेगानं जातो, कप ओठाशी आला की कसा वाढतो. मग पुन्हा काढून बघितली. नाही जमली.

“तुमचा हात द्या जरा,” शेवटी त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“माझं मनगट धरा. ढकलू नका. नुसतं धरा.”

मास्टर खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी गोळी अजून घेतली नव्हती. बोटं मनगटाभोवती आवळली, आणि कंप वहिनींच्या हातातून ब्रशच्या टोकापर्यंत उतरला. त्यांनी घोरपडीची मान काढली, मग जबडा. कधी काळी याच माणसानं याच टेबलाशी याच मनगटाला धरून सोनेरी अक्षराचं वळण शिकवलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. त्यानं शिकवलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

रेषा बरोबर आली. दुकानात होती तशीच.

“अशा बारा?” मास्टरांनी विचारलं.

“बारा.”

“मग गोळी जेवल्यावरच घेत जाईन.”

वहिनींनी ब्रश धुऊन उलटा उभा करून ठेवला. उद्या सव्वादहाला दुकानाची व्हॅन बारा कोऱ्या फळ्या उतरवणार आहे. प्रायमरचा डबा तळाला गेला आहे. रंगाचं दुकान नऊला उघडतं, तिथे पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. वहिनी आठ पस्तीसची बस पकडतील.